सोलापूरचे ऊन, थ्रॉटलची नळी आणि पाव अश्वशक्तीचा मोह

१/२८
थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या कूलंटच्या दोन बारीक नळ्या काढायच्या, त्यांची तोंडे एकमेकांना जोडायची, की गाडीचा पिकअप वाढतो. वीस मिनिटांचे काम, खर्च जवळपास शून्य. मोटारप्रेमी तरुणांत हा उपाय मोठ्या विश्वासाने सांगितला जातो आणि सोलापूरसारख्या तापणाऱ्या शहरात तो विशेष पटतो. हा थ्रेड त्या नळीच्या इतिहासाचा आहे. तो इतिहास आणि त्यामागचे साधे गणित समोर ठेवले, तर या उपायाच्या बाजूने फारसे काही उरत नाही.

२/२८
प्रथम वस्तू नीट ओळखावी. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दरवाजा. ॲल्युमिनियमचा एक आखूड नळकांडा, त्यात फिरणारी गोल चकती. ॲक्सिलरेटर दाबला की चकती उघडते, सोडला की मिटते. अनेक गाड्यांत या नळकांड्याच्या अंगातून इंजिनाचे गरम कूलंट फिरवलेले असते. कूलंटचे तापमान ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात. म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव्य इथे मुद्दाम ऊब देण्यासाठी आणलेले आहे. ही विसंगती प्रथमदर्शनी डोळ्यांत भरते, आणि सारा गैरसमज तिथूनच सुरू होतो.

३/२८
उपायामागचा तर्क त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत प्राणवायू कमी, म्हणून इंधन कमी जळते, म्हणून ताकद कमी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेला दारातच नव्वद अंशांच्या धातूचा स्पर्श कशाला घडवायचा? नळी तोडा, हवा गार ठेवा, ताकद वाढवा. यातील प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे आहे. निष्कर्ष मात्र खोटा आहे, कारण कोणत्याच पायरीवर कोणी 'किती?' असा प्रश्न विचारलेला नाही.

४/२८
आकड्यांकडे जाण्याआधी इतिहास. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुलीचा 'हायड्रोडायनॅमिका' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचे नाते त्याने मांडले. १७९७ मध्ये जिओव्हानी बातिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने अरुंद होत जाणाऱ्या नळीतील प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नळी जिथे आवळलेली असते तिथे प्रवाह वेगाने धावतो आणि दाब उतरतो. या दोघांपैकी कोणाच्याही मनात मोटार नव्हती. पण पुढे शंभर वर्षांनी याच तत्त्वावर मोटारीचा श्वास चालणार होता.

५/२८
१८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर बनवला. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, दाब उतरतो, त्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून वर येते, त्याचा फवारा होतो आणि त्याची वाफ हवेत मिसळते. त्याआधीच्या कार्ब्युरेटरांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन मिश्रण तयार केले जाई. मायबाखच्या रचनेने इंजिनाला वेगाने आणि हुकमी खाद्य मिळू लागले. सोबत एक अनपेक्षित पाहुणाही आला. तो पाहुणा म्हणजे बर्फ.

६/२८
पेट्रोलच्या यंत्रात बर्फ कसा, हे सोलापुरात समजावून सांगण्याची गरज पडू नये. उन्हाळ्यात घरोघरी माठ असतो. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ माठाची उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. पेट्रोल पाण्याहून कितीतरी सहज उडते. कार्ब्युरेटरच्या गळ्यात त्याची वाफ होताना आसपासचे तापमान वीस-तीस अंशांनीही उतरू शकते. त्या हवेत ओलावा असेल, तर तो गळ्यावर आणि थ्रॉटलच्या चकतीवर गोठतो.

७/२८
म्हणून बाहेर वीस अंशांची सुखद हवा असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. मोटारीत याचा परिणाम म्हणजे इंजिन अडखळणे, बंद पडणे. विमानात याचा परिणाम मृत्यू असू शकतो. हवेचा मार्ग बर्फाने चोंदला, तर आकाशात इंजिन गुदमरते. म्हणून कार्ब्युरेटरच्या छोट्या विमानांत वैमानिकासमोर एक स्वतंत्र दांडी असते. ती ओढली की एक्झॉस्टजवळ तापलेली हवा कार्ब्युरेटरकडे वळते. ताकद थोडी घटते हे वैमानिकाला ठाऊक असते. तरीही तो दांडी ओढतो, कारण बदल्यात इंजिन चालू राहते.

८/२८
इथे ही कथा सोलापूरला स्पर्श करते. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. २३ डिसेंबर १९४० रोजी त्यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बेंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही उद्योगांची सुरुवात करणारा माणूस याच काळ्या मातीतला.

९/२८
प्रीमियरच्या मुंबईतील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली. पुढे फियाटशी करार झाला आणि १९७० च्या दशकात त्याच घराण्यातील गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. ती कार्ब्युरेटरची गाडी. हिवाळ्यातील पहाटे चोक ओढायचा, इंजिन तापेपर्यंत थांबायचे, मग चोक आत ढकलायचा, हा संस्कार त्या पिढीच्या चालकांना कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि इंजिनाला ऊब लागते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते.

१०/२८
१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. योगायोग असा की सोलापुरातील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची स्थापनाही १९८३ चीच. मारुतीची रचना जपानच्या सुझुकीची होती, आणि येथून पुढे एक गोष्ट ठळक होत गेली. एकच आराखडा अनेक हवामानांत विकला जाऊ लागला. जपानमधील हिमवर्षाव, युरोपातील ओली थंडी, लेहची पहाट आणि सोलापूरची दुपार या सर्वांना पुरून उरेल असे यंत्र बनवणे हे आता आरेखकाचे काम झाले.

११/२८
दरम्यान कार्ब्युरेटरचा अंत जवळ येत होता. १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली. भारतात १९९० च्या दशकात सुरू झालेला बदल २००० पासून देशभर लागू झालेल्या उत्सर्जन-मानकांनी अटळ केला. नव्या रचनेत पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारले जाऊ लागले. म्हणजे माठासारखे गार करणारे बाष्पीभवन थ्रॉटलपासून दूर गेले. बर्फाचे मुख्य कारण संपले. मग नळी का राहिली?

१२/२८
कारण मुख्य कारण संपले तरी उपकारणे संपली नव्हती. थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते, तेव्हा उरलेल्या फटीतून हवा प्रचंड वेगाने घुसते आणि तिथले तापमान उतरते. इंजिनाच्या पोटातील वाफा पुन्हा जाळण्यासाठी हवेच्या मार्गात सोडल्या जातात, त्यांतही ओलावा असतो. शून्याच्या आसपासच्या दमट थंडीत हा ओलावा चकतीच्या कडेवर गोठू शकतो. अशा वेळी चकती अडकते. ती मिटलेली अडकली तर गाडी बंद पडते. उघडी अडकली तर पाय काढूनही गाडीचा वेग कमी होत नाही.

१३/२८
आता न्यायाने कबूल करावयाची गोष्ट. सोलापूर शहरात असा बर्फ धरणार नाही. डिसेंबर-जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाट कितीही बोचरी वाटली, तरी पारा गोठणबिंदूपासून बराच वर असतो आणि हवा कोरडी असते. काही आधुनिक गाड्यांत थ्रॉटलला कूलंटची नळी नसतेच. तेव्हा 'नळी काढली की गाडी मोडेल' असा धाक घालणे हाही अप्रामाणिकपणाच. आक्षेप वेगळा आहे. मिळणारा लाभ नगण्य आहे आणि त्यासाठी पत्करलेले धोके नगण्य नाहीत.

१४/२८
आता तो न विचारलेला प्रश्न : किती? १२०० सीसीचे इंजिन ६००० फेऱ्यांवर धरू. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. म्हणजे मिनिटाला ३००० श्वास, प्रत्येकी १.२ लिटर, एकूण ३६०० लिटर. सेकंदाला ६० लिटर. श्वास पूर्ण भरत नाही, म्हणून ५० लिटर म्हणू. थ्रॉटलचा व्यास ४५ मिलिमीटर असेल, तर हवा तिथून सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने जाते. थ्रॉटल बॉडीची लांबी जेमतेम ६ सेंटिमीटर.

१५/२८
६ सेंटिमीटर अंतर सेकंदाला ३० मीटर वेगाने काटायला लागणारा वेळ म्हणजे एका सेकंदाचा पाचशेवा भाग. तापलेल्या तव्यावरून हात झर्रकन फिरवला तर तो भाजत नाही, आणि इथला वेग त्याहून कितीतरी अधिक. उष्णता-वहनाच्या नेहमीच्या सूत्रांत हे आकडे घालून पाहिले, तर हवेचे तापमान एक अंशाच्या आसपास वाढते. सढळ हाताने धरले तर दीड अंश. नव्वद अंशांचा धातू आणि चाळीस अंशांची हवा यांच्यातील फरक पन्नास अंशांचा, पण त्यातून हवेच्या पदरात पडतो तो एक.

१६/२८
हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४२ अंश सेल्सिअस म्हणजे ३१५ केल्व्हिन. त्यात एक अंशाचा फरक म्हणजे ०.३ टक्क्यांच्या जवळपास. ८० अश्वशक्तीच्या इंजिनात तो पाव अश्वशक्ती भरतो. तोही संपूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, सर्वोच्च फेऱ्यांवर. आणि नळी काढल्यावर धातू थंडगार होतो असेही नाही. थ्रॉटल बॉडी तापलेल्या इंजिनाच्या कुशीतच बसलेली असते, तिला ती उष्णता मिळतच राहते. म्हणजे हा पावही पुरता हाती लागत नाही.

१७/२८
तुलना करून पाहावी. ९५० किलोच्या गाडीत ०.३ टक्के म्हणजे सुमारे तीन किलो. डिकीतला तीन लिटर पाण्याचा कॅन खाली उतरवला, तर वेग पकडण्यात जवळपास तेवढाच लाभ होतो. दुपारच्या ४२ अंशांऐवजी रात्रीच्या २७ अंशांत गाडी चालवली, तर हवा जवळपास पाच टक्के अधिक दाट मिळते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे, तेवढ्यानेच हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. या आकड्यांपुढे नळीचा हिशेब मांडण्यासही जागा उरत नाही.

१८/२८
'पण फरक जाणवतो' हा पुढचा युक्तिवाद. पाव अश्वशक्तीचा फरक माणसाच्या पाठीला जाणवू शकत नाही. एकाच गाडीची त्याच यंत्रावर लागोपाठ दोनदा ताकद मोजली, तरी निकालांत यापेक्षा मोठी तफावत येते. इंजिन किती तापले आहे, टायरमध्ये हवा किती आहे, खोलीत पंखा कुठे लावला आहे, एवढ्यानेही आकडा हलतो. स्वतःच्या हातांनी काम केल्यावर गाडी हलकी वाटते, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. त्यात लबाडी नाही, पण तो पुरावाही नाही.

१९/२८
'थ्रॉटल बॉडी हाताला गार लागते' हा आणखी एक पुरावा सांगितला जातो. लागेल. पण इंजिन धातू श्वासात घेत नाही, हवा घेते. 'स्कॅनरवर हवेचे तापमान कमी दिसले' हेही ऐकू येते. अनेक गाड्यांत ते तापमान मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या बाजूला, थ्रॉटलच्या अलीकडे असतो. नळीमुळे थ्रॉटलमध्ये काही घडले तरी ते त्या सेन्सरपर्यंत पोहोचणारच नाही. तिथे आकडा उतरला असेल तर त्याचे श्रेय वाऱ्याला, सावलीला किंवा रिकाम्या रस्त्याला द्यावे.

२०/२८
'सिग्नलवर उभे असताना तर हवा सावकाश जाते, तेव्हा ती जास्त तापते' हा युक्तिवाद अधिक विचारी आहे आणि तो बरोबरही आहे. पण सिग्नलवर ताकद हवी कोणाला? हिरवा दिवा लागून ॲक्सिलरेटर दाबताच हवेचा वेग वाढतो आणि ती उबदार हवा क्षणार्धात संपते. शिवाय उभ्या गाडीत हवा तापते ती मुख्यतः बॉनेटखालच्या कोंडलेल्या उष्णतेने. रेडिएटर, एक्झॉस्ट आणि एसीचा कंडेन्सर यांच्यासमोर या बारीक नळीचा वाटा किरकोळ आहे.

२१/२८
आता धोक्यांकडे. पहिला धोका मेणाचा. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने या संशोधकाने मेणाच्या प्रसरणावर चालणारा थर्मोस्टॅट घडवला. मेण तापले की फुगते आणि झडप हलवते. याच तत्त्वावर काही जुन्या, विशेषतः जपानी आराखड्याच्या गाड्यांत थ्रॉटल बॉडीवर एक झडप असते. इंजिन गार असताना ती जास्तीची हवा देऊन फेरे वाढवते आणि कूलंटची ऊब मिळताच मिटते. नळी तोडली की मेणाला इंजिन तापल्याची वार्ताच पोचत नाही. गाडी रेसवर राहते आणि पेट्रोल जळत राहते.

२२/२८
दुसरा धोका आंधळ्या उसनवारीचा. हा उपाय अमेरिकेत ज्या गाड्यांवर विशेष गाजला, त्यांत जनरल मोटर्सची मोठी व्ही-८ इंजिने होती. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-१ इंजिनात थ्रॉटल बॉडीतून जाणारी वाट सिलिंडर हेडमधील वाफ आणि हवेचे बुडबुडे बाहेर काढण्याच्या मार्गाचाही भाग होती. तिथल्या जाणकारांनी नळी वळवताना हा निचरा कायम ठेवला. उपाय सातासमुद्रापार आला तेव्हा ही अट वाटेत गळाली. बुडबुड्यांची वाट बुजवली, तर हेडमध्ये हवा अडकून इंजिन तापू शकते.

२३/२८
तिसरा धोका सर्वांत साधा आणि सोलापुरात सर्वांत खरा. कूलंटची व्यवस्था दाबाखाली चालते. कारखान्यात बसवलेल्या जोडाच्या जागी हाताशी सापडलेला तुकडा आणि सैल क्लॅम्प आला, की गळतीला वाट मिळते. बेचाळीस अंशांच्या दुपारी, एसी चालू, चार माणसे आणि सामान घेऊन पुण्याच्या किंवा विजयपूरच्या महामार्गावर निघालेल्या गाडीचे कूलंट वाटेत संपले, तर हेड गॅस्केट जाते. पाव अश्वशक्तीच्या आशेपोटी कुटुंब उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहते आणि दुरुस्तीचा खर्च महिन्याचा हिशेब मोडतो.

२४/२८
निरुपयोगी दिसणाऱ्या व्यवस्थेचा अर्थ सोलापूरला नव्याने शिकवावा लागू नये. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि शहर सुताच्या धाग्यावर वाढले. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून मागखात्यात दमटपणा राखावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो घामट ओलावा कामगाराला छळणारा आणि अनावश्यक वाटेल. प्रत्यक्षात धागा त्याच्यावर टिकून असतो. तो ओलावा कमी करायचा असेल तर आधी धाग्याचे काय होईल याचे उत्तर द्यावे लागते. यंत्रात हात घालताना हाच क्रम पाळायचा असतो.

२५/२८
यात शहराच्या हवेचाही प्रश्न आहे. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. कडक मानके आधी लागू करण्यासाठी निवडलेल्या मूळ अकरा शहरांत सोलापूर नव्हते. लखनौ आणि सोलापूर ही नावे नंतर जोडली गेली. १ एप्रिल २०१० रोजी देशातील तेरा शहरांत भारत स्टेज-४ लागू झाले, तेव्हा दिल्ली-मुंबईच्या पंगतीत सोलापूर होते. हा मान नव्हता. हवेतील धुळीने आणि धुराने ओढवलेली ती गरज होती.

२६/२८
त्या शहरातच गाड्या विनाकारण रेसवर ठेवणारा प्रयोग हौसेखातर करावा, यात कसले शौर्य? शहराची आणखी एक ओळखही इथे आठवावी. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरचीच. इथे घडलेले कॅमशाफ्ट देशी-परदेशी मोटार कंपन्यांच्या इंजिनांत फिरतात. मिलिमीटरच्या सूक्ष्म अंशांत मोजमाप करणारे हात ज्या गावात आहेत, त्या गावातील तरुणाने 'वाटते' आणि 'जाणवते' यांवर पाना उचलावा, हे गावाच्या कसबाला साजेसे नाही.

२७/२८
इतिहासाच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसेल. गडाच्या गोमुखी दरवाजाची वाट वळण घेते. आज तिथे हत्ती धडक देणार नाही, म्हणून वळण निरर्थक ठरवून बुरूज पाडून सरळ रस्ता काढणाऱ्याला कोणी दुर्गप्रेमी म्हणणार नाही. थ्रॉटलची नळीही तशीच एक नोंद आहे. माठाचे विज्ञान, गुदमरलेली विमाने, चोक ओढणारे हात आणि हिमप्रदेशातील चालक यांचा अनुभव तिच्यात साठला आहे. फरक इतकाच की ही नोंद अजून कामावर आहे. उद्या तीच गाडी सोलापूरहून लेहला निघू शकते.

२८/२८
गाडी खरोखर चांगली पळावी असे वाटत असेल, तर कामे उघड आहेत. एअर फिल्टरवर साचलेली सोलापुरी धूळ काढावी. बाहेरची गार हवा आणणारी नळी फाटली किंवा निसटली असेल तर ती आधी बसवावी, कारण तिथून बॉनेटखालची तापलेली हवा शिरते. रेडिएटरच्या जाळीतील माती धुवावी, कूलंट वेळेवर बदलावे, टायरमधील हवा तपासावी. यांतील प्रत्येक काम मोजता येईल असा लाभ देते. थ्रॉटलची नळी मात्र जिथे आहे तिथे राहू द्यावी. ज्याला ती काढायचीच असेल, त्याने आधी तापमान थ्रॉटलच्या अलीकडे आणि पलीकडे मोजावे, दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, आणि मगच पाना उचलावा.

#इतिहास #सोलापूर #मोटारविद्या